तसबिरीचा घोटाळा आणि आपण

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनातील व्याख्यान म्हणजे भोजनापूर्वीचा शेवटचा अडथळा, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती सर्वस्वी निराधार असते असे नाही. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम करमणुकीच्या प्रांतातून निवडला आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत संशयकल्लोळ' हे नाटक नुकतेच एका उत्साही नाट्यसंस्थेने पुन्हा रंगभूमीवर आणले. त्या प्रयोगास आपल्यापैकी बरीच कुटुंबे सहपरिवार आली होती. नाट्यगृहात हशा पिकला, पदांना टाळ्या पडल्या आणि मंडळी प्रसन्न चित्ताने घरी गेली. परंतु जे नाटक शंभराहून अधिक वर्षे लोकांना हसवीत आले आहे, ते केवळ हसवूनच थांबते काय, याचा थोडा विचार करावा, एवढाच माझा आजचा उद्देश आहे.

प्रथम या नाटकाचे गोत्र सांगतो. 'संशयकल्लोळा'चे मूळ आपल्या मातीतले नाही. 1660 साली पॅरिस येथे मोलियर या थोर फ्रेंच नाटककाराने 'स्गानारेल' नावाची एक एकांकी सुखात्मिका रंगभूमीवर आणली आणि तीतील संशयी नवऱ्याची भूमिका त्याने स्वतःच केली. पुढे 1761 साली आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने त्याच कल्पनेवर 'ऑल इन द राँग' हे पाच अंकी इंग्रजी नाटक रचले व ते लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झाले. मर्फीच्या या नाटकावरून देवलांनी 1893 साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले. त्यातच पुढे पदे घालून त्यांनी त्याला संगीत नाटकाचे रूप दिले आणि 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने ते 'संशयकल्लोळ' या नावाने रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी देवल निवर्तले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांची कीर्ती मराठी रंगभूमीच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे.

पॅरिसहून लंडन आणि लंडनहून सांगली-पुणे असा प्रवास करून आलेले हे नाटक परके मात्र यत्किंचितही वाटत नाही. देवलांनी पुरुषपात्रांना मराठी महिन्यांची आणि स्त्रीपात्रांना नक्षत्रांची नावे दिली. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या. आणि इकडे कृत्तिका, रेवती, रोहिणी. जणू संपूर्ण पंचांगच रंगमंचावर येऊन भांडू लागते! इंग्रजीत ज्याला 'कॉमेडी ऑफ मॅनर्स' म्हणतात, म्हणजे समाजाच्या रीतिभातींतून, प्रतिष्ठेच्या कल्पनांतून आणि घरगुती स्वभावदोषांतून विनोद निर्माण करणारी सुखात्मिका, तिचा इतका अस्सल मराठी नमुना दुसरा क्वचितच सापडेल.

कथानक आपणांस ठाऊक आहेच. तथापि तरुण मंडळींसाठी त्याचा सांगाडा सांगतो. अश्विनशेठ या सुखवस्तू तरुणाचे रेवतीवर प्रेम आहे आणि त्याने आपली तसबीर तिला दिली आहे. रेवतीला रस्त्यात भोवळ येते. त्या वेळी जवळच असलेले फाल्गुनराव केवळ माणुसकीने तिला सावरतात. नेमके हेच दृश्य त्यांची पत्नी कृत्तिका पाहते आणि आपला नवरा परस्त्रीच्या नादी लागला असे ठरवून मोकळी होते. रेवतीच्या हातून पडलेली तसबीर कृत्तिकेला सापडते. ती कौतुकाने पाहत असता फाल्गुनराव येतात आणि आपली पत्नी परपुरुषावर भाळली असे तेही ठरवून मोकळे होतात. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावांच्या हाती पाहून अश्विनशेठाचा रेवतीवरील विश्वास उडतो; आणि रेवतीलाही अश्विनशेठाविषयी शंका येऊ लागते. एका तसबिरीवरून दोन घरे हादरतात. अपराध मात्र कोणाचाच नसतो.

नव्या प्रयोगाविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. पूर्वी संगीत नाटक रात्री सुरू होई ते पहाटेपर्यंत चाले. 'वन्स मोअर'च्या गजरात एकेक पद पुनःपुन्हा गाइले जाई. आजच्या प्रेक्षकाला शेवटची गाडी गाठावयाची असते, म्हणून या मंडळींनी निवडक पदे ठेवून प्रयोग तीन तासांच्या आत आणला होता. काही आवडती पदे गळाली याची हळहळ वडीलधाऱ्यांना वाटली असेल. पण त्यामुळे संवादांची धार अधिक स्पष्ट झाली, हेही कबूल केले पाहिजे. स्त्रियांच्या भूमिका आता स्त्रियाच करतात. त्यामुळे कृत्तिकेचा संताप हा केवळ हशाचा विषय न राहता एका गृहिणीची तळमळ म्हणूनही जाणवतो. फाल्गुनरावांची भूमिका करणाऱ्या नटाने एक मोठा संयम पाळला होता. त्याने विदूषकी चाळे केले नाहीत. आपण फसविले गेलो आहोत अशी मनोमन खात्री झालेला, दुखावलेला एक प्रौढ गृहस्थ त्याने उभा केला. तो जितका गंभीर होई तितके प्रेक्षागृह अधिक हसे. उत्तम सुखात्मिकेचे हेच मर्म आहे. पात्राला आपण हास्यास्पद आहोत हे ठाऊक नसते.

आता या हास्याच्या मुळाशी जरा जाऊ. फाल्गुनराव काही ऐकीव गप्पांवर भुललेले नाहीत. त्यांनी पत्नीच्या हाती परपुरुषाची तसबीर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. कृत्तिकेनेही पतीच्या आधाराने उभी असलेली तरुणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. 'डोळ्यांनी पाहिले' याहून मोठा पुरावा व्यवहारात आपण दुसरा मानीत नाही. परंतु दोघांनीही जे पाहिले ते खरे असून त्यावरून जे अनुमान काढले ते मात्र सपशेल खोटे आहे. डोळ्यांनी तसबीर पाहिली. तिच्यामागची कथा मनाने रचली. आणि रचलेली कथाच पाहिलेली आहे असे पुढे सर्वांना सांगितले. प्रेक्षक हसतात, कारण त्यांना अथपासून इतिपर्यंत सारे ठाऊक असते. पण बंधुभगिनींनो, संसारात आपणांस प्रेक्षकाची खुर्ची मिळत नाही. तेथे आपण सर्वच रंगमंचावर असतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला घटनेचा एकेक तुकडाच येतो.

संशय या विकाराचा विचार देवलांनी एकदाच केला असे नाही. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' हे रूपांतर त्यांनी 1890 साली, म्हणजे 'फाल्गुनरावा'च्या अवघी तीन वर्षे आधी केले होते. ऑथेल्लोच्या कथेत एक रुमाल भलत्या हाती पडतो आणि एका निष्पाप पत्नीचा प्राण जातो. फाल्गुनरावांच्या कथेत एक तसबीर भलत्या हाती पडते आणि आपण पोट धरधरून हसतो. वस्तू दोन्हीकडे क्षुल्लक, विकार दोन्हीकडे एकच. मग एकीकडे शोकांत आणि एकीकडे सुखान्त का? ऑथेल्लोच्या कानाशी लागणारा आयागो 'संशयकल्लोळा'त नाही, हे एक कारण. परंतु दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ऑथेल्लो ज्याचा त्याला जाब विचारीत नाही. विचारतो तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो. येथे मात्र पडदा पडण्यापूर्वी सारी मंडळी समोरासमोर येतात. तोंडावर बोलणे होते आणि तसबिरीचा प्रवास उलगडतो. हास्य आणि हत्या यांमध्ये अंतर असते ते वेळीच विचारलेल्या एका सरळ प्रश्नाचे.

येथवर जे बोललो ते मोलियर, मर्फी आणि देवल या तिघांनाही लागू आहे. आता केवळ देवलांचे असे जे आहे त्याकडे वळतो. मोलियरची नायिका एका मध्यमवर्गीय गृहस्थाची कन्या आहे. मर्फीची नायिकाही खानदानी घरातली आहे. देवलांनी आपली रेवती मात्र कलावंतिणीची मुलगी केली. हा बदल का करावा लागला?

त्या काळचा समाज डोळ्यांपुढे आणा. संमतिवयाचा कायदा 1891 साली झाला, त्याने मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर नेली, आणि तेवढ्यानेसुद्धा सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा शारदा कायदा यावयास 1929 साल उजाडावे लागले. अशा समाजात प्रतिष्ठित घरातील प्रौढ, अविवाहित, स्वतःचा वर स्वतः निवडणारी आणि त्याला तोंडावर जाब विचारणारी नायिका नाटककाराने आणावी कोठून? ती आपल्या घरांत नव्हती. किंबहुना ती घडू नये अशीच आपल्या घरांची व्यवस्था होती. मोकळेपणी बोलणारी तरुण स्त्री दाखवावयाची तर ती कलावंतिणीच्या घरातच दाखविता येत होती. म्हणजे पाश्चात्य सुखात्मिका मराठीत आणताना देवलांना आपल्या समाजातील एक पोकळी दिसली आणि तिच्या जागी त्यांनी रेवती उभी केली.

पण त्यांनी तेवढ्यावरच सोडले नाही. रेवतीला आश्रय नको आहे, विवाह हवा आहे. जन्माने जो व्यवसाय तिच्या कपाळी लिहिला, तो पुसून तिला गृहिणी व्हावयाचे आहे. आणि नाटकाचा शेवट तिच्या बाजूने होतो. ही ओढ देवलांच्या नाट्यसंसारात नवी नव्हती. 1887 साली त्यांनी 'मृच्छकटिक' मराठीत आणले होते. त्यातील गणिका वसंतसेना अखेर चारुदत्ताची वधू होते. रेवती ही वसंतसेनेचीच धाकटी बहीण म्हणावी लागेल. 1899 साली रंगभूमीवर आलेल्या 'शारदा' नाटकात त्यांनी जरठकुमारी विवाहावर कोरडे ओढले, हे सर्वश्रुत आहे. ते कोरडे दिसतात, म्हणून 'शारदे'ला आपण सामाजिक नाटक म्हणतो. 'संशयकल्लोळा'तील कोरडा मखमलीत गुंडाळलेला आहे, म्हणून त्याला आपण नुसती करमणूक समजतो. मुंबई प्रांतात देवदासी संरक्षणाचा कायदा 1934 साली झाला आणि देवदासीने केलेला विवाह कायदेशीर ठरला. रेवती देवदासी नव्हे. पण जन्मावरून जिला विवाह नाकारला जातो अशा स्त्रीचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात येण्यापूर्वी अठरा वर्षे रंगभूमीवर गात होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या नाटकात संशय सर्वांनाच ग्रासतो, पण त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. कृत्तिकेचा संशय खरा ठरला असता तर फाल्गुनरावांचे काय बिघडले असते? चार दिवस घरात आदळआपट झाली असती, इतकेच. त्या काळी हिंदू पुरुषाला एक पत्नी असता दुसरी करण्याची मोकळीक होती. मुंबई प्रांतात ती बंद होण्यास 1946 साल यावे लागले. उलट फाल्गुनरावांचा संशय पक्का झाला असता तर कृत्तिकेला माहेराखेरीज थारा नव्हता आणि माहेरीही मान नव्हता. आणि रेवती? तिच्यावर एक शिंतोडा पडला की जगाने म्हणावे, 'अखेर जातीवरच गेली!' तिच्या बाबतीत संशयाला पुराव्याचीही गरज नाही. तिचा जन्म हाच पुरावा. तसबीर एकच, संशय एकच. पण पुरुषाला तो एका रात्रीचा मनस्ताप, गृहिणीला घर आणि रेवतीला सारे आयुष्य. ज्या प्रवेशात अश्विनशेठाचा तिच्यावरील विश्वास उडतो, तेथे नाट्यगृहातील हशा क्षणभर थांबला होता. प्रेक्षकांना कोणी समजावून सांगितले नव्हते. तरीही ती किंमत त्यांना कळली होती.

शेवटी रेवतीचे मनोरथ सिद्धीस गेले तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्यांत आपली ज्ञातिबांधव मंडळीही होती. मला विचारावयाचे आहे ते हे, की त्या टाळ्या नाट्यगृहाच्या दारातच ठेवून यावयाच्या होत्या काय?

आपल्या संस्थेच्या वधूवर मंडळाच्या कामाशी माझा काही वर्षे संबंध आहे. नाव-गाव न सांगता एक हकीकत निवेदन करतो. एका सुशिक्षित, नोकरी करणाऱ्या मुलीचे स्थळ एका घरी जवळजवळ निश्चित झाले होते. अकस्मात तिकडून निरोप आला, 'योग नाही.' कारण विचारता कोणी बोलेना. बऱ्याच दिवसांनी उलगडा झाला. मुलीचे एका तरुणासमवेत काढलेले छायाचित्र कोणा हितचिंतकाने भ्रमणध्वनीवरून त्या घरी धाडले होते. तो तरुण तिचा सख्खा मामेभाऊ होता आणि ते छायाचित्र त्याच्याच मुंजीच्या नव्हे, तर लग्नाच्या मांडवातले होते! चौकट जराशी मोठी असती तर शेजारी नवरीही दिसली असती. फाल्गुनरावांच्या काळी तसबीर रस्त्यात पडावी लागे. आता ती क्षणात शंभर घरी पोहोचते. घोटाळा करण्याची साधने सुधारली. घोटाळा निस्तरण्याची रीत मात्र आपण अद्याप शिकलो नाही.

त्या मुलीला कोणीही प्रत्यक्ष विचारले नाही. शेजाऱ्यांना विचारले, दूरच्या नातलगांना विचारले, कचेरीतल्या ओळखीच्या माणसाला विचारले. एका तिलाच तेवढे विचारले नाही. आणि मुलाच्या बाबतीत अशा छायाचित्राची कोणी दखल तरी घेतली असती काय? येथेही किंमत एकीलाच पडली. शिवाय, 'आईचे माहेर कोणते', 'आजीविषयी काही ऐकले होते', 'त्या घराण्यात पूर्वी एक मिश्रविवाह झाला', असल्या कुजबुजीने किती स्थळे परतली याची नोंद कोणत्याच वहीत नसते. रेवतीच्या विवाहाला टाळ्या वाजविणारे हात आणि असल्या कुजबुजीवर वहीतील नाव खोडणारे हात एकच असावेत, ही गोष्ट आपल्या संस्थेला भूषणावह नाही.

कोणी म्हणेल, 'मुलीचे किंवा मुलाचे आयुष्य कोणाच्या हाती द्यावयाचे, तर चौकशी करू नये काय?' अवश्य करावी. चौकशीचा मी विरोधक नाही; उलट संशयावर चौकशी हाच एकमेव उतारा आहे. पण चौकशी आणि संशय यांतील भेद ओळखला पाहिजे. चौकशीला उत्तर हवे असते. संशयाला दुजोरा हवा असतो. चौकशी संबंधित माणसाच्या दाराशी जाते; संशय त्याच्या दाराला वळसा घालून शेजारच्या ओट्यावर बसतो. चौकशी चुकीचे ठरण्यास तयार असते. संशय बरोबर ठरण्याची वाट पाहतो. फाल्गुनराव दिवसभर 'चौकशी'च करीत असतात! चोरून ऐकणे, पाळत ठेवणे, नोकराला खोदून विचारणे, यात त्यांनी काही कमी ठेवले नाही. फक्त पत्नीला सरळ विचारणे तेवढे राहून गेले.

मोलियरच्या मूळ नाटकात हा गुंता कोण सोडविते हे सांगण्यासारखे आहे. कोणी न्यायाधीश नाही, कोणी कुटुंबप्रमुख नाही. नायिकेची दासी पुढे होते आणि भांडणाऱ्या चौघांना एकामागून एक साधे प्रश्न विचारते. ज्याने त्याने आपल्यापुरते खरे उत्तर देताच सारे जाळे गळून पडते. ज्या दासीला प्रतिष्ठेची चिंता नाही, तिलाच प्रश्न विचारण्याचे धैर्य होते. प्रतिष्ठेच्या ओझ्याखाली वाकलेली मंडळी प्रश्न विचारावयास भितात, कारण उत्तर निर्दोष आले तर आपण आधी केलेला गवगवा कोठे लपवावा, हा त्यांना पेच पडतो.

तेव्हा आपल्या वधूवर मंडळापुढे माझी नम्र सूचना अशी आहे. कोणत्याही स्थळाविषयी निनावी पत्र, छायाचित्र अथवा ऐकीव निरोप आल्यास मंडळाने तो पुढे धाडू नये. ज्याच्याविषयी तो असेल त्या मुलाला वा मुलीला सन्मानपूर्वक बोलावून प्रत्यक्ष विचारावे, आणि नकार द्यावयाचा झाल्यास त्याचे कारण दुसऱ्या बाजूस स्पष्ट कळविण्याचा प्रघात पाडावा. दोन्ही पक्ष वडीलधाऱ्यांसमक्ष एकदा समोरासमोर बसल्याखेरीज स्थळ मोडले असे मानू नये. आणि जन्मावरून वा आजोळावरून होणारी कुजबुज मंडळाच्या दप्तरात शिरूच देऊ नये. यास पैसा लागत नाही, इमारत लागत नाही. लागते ती थोडी हिंमत. कार्यकारी मंडळाने येत्या वर्षी याचा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

देवलांनी उपदेशाचे एक वाक्यही न उच्चारता हे सारे सांगितले आणि वर आपणांस पोटभर हसविले. मला ते साधत नाही. मला व्याख्यान द्यावे लागते. मात्र ज्यांनी प्रयोग पाहिला नसेल त्यांनी तो मुलाबाळांसह अवश्य पाहावा, आणि फाल्गुनरावांना हसून घरी परतताना वाटेत एकमेकांना एवढेच विचारावे, की आपल्या घरी कोणाची तसबीर न विचारताच भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे काय? असल्यास ती आजच सरळ करावी.

 भोजनाची वेळ झाली आहे. आता अधिक बोलणे हा खरोखरीचा अपराध होईल. इतके बोलून मी आपली रजा घेतो.